द्वारकाकाकीची वाकडी

नोकरीत असताना मला मारक्या बैलाची भीती वाटली नाही. बैल मारणार असेल तर आधी डोळे फिरवतो, मान खाली घालतो, आपल्याला पळायला सवड देतो. पिसाळलेल्या कुत्र्याला घाबरलो, पण त्याला सगळेच घाबरतात. मला खरी धास्ती होती ती जेमतेम शेरभर वजनाच्या जीवाची. पिसं फुलवून, डोळे अर्धे मिटून, एका कोपऱ्यात गप उभी राहिलेली कोंबडी दिसली की मी लांबच थांबायचो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी बाजारात टोपलीतल्या कोंबडीने डुलकी घेतली तर मी दोन पावलं मागे सरतो आणि बायको हसते. तिला हसू दे.

मी स्टॉकमन होतो. म्हणजे ढोरांच्या दवाखान्यातला डॉक्टरच्या खालचा माणूस. खरे डॉक्टर कुडाळात बसायचे आणि मी सायकलवर मालवणच्या बाजूची गावं फिरायचो. एकोणीसशे साठच्या आगेमागेची ही गोष्ट. तेव्हा आमचा जिल्हा रत्नागिरीच होता आणि खाडीवर पूल नव्हते, म्हणून सायकल होडीत घालून पलीकडे जायचं. लोक मला डॉक्टरच म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, पुढे कंटाळून सोडून दिली. फोंडाघाटातला माझा थोरला भाऊ मात्र शेवटपर्यंत मला 'कोंबड्यांचो डॉक्टर' म्हणत राहिला, आणि ते कौतुकाने नव्हे.

कोंबडीचं दुखणं ओळखणं अवघड का, ते सांगतो. म्हैस दुखलं तर ओरडते, पाय झाडते, चारा सोडते. कोंबडी आपलं दुखणं शेवटपर्यंत लपवते, कारण दुबळी दिसली की तिच्याच कळपातल्या बाकीच्या तिला टोचून मारतात. म्हणून ती आजारी दिसते तेव्हा दुखणं जुनं झालेलं असतं. तिच्याजवळ जाण्याआधी लांबूनच बघायचं. माणूस जवळ आला की मरायला टेकलेली कोंबडीसुद्धा ताठ उभी राहते. मग तुरा बघायचा, लाल आहे की काळवंडला. शिट कुठल्या रंगाची. श्वास घेताना चोच उघडते का. गळ्याखालची दाण्याची पिशवी बोटांनी दाबायची, घट्ट आहे, रिकामी आहे, की पाण्याने डबडबली आहे. छातीचं हाड हाताला लागलं तर समजायचं की कोंबडी बरेच दिवस झुरते आहे.

एवढं करून बहुतेक वेळा निघायचं काहीतरी साधंच. एका निवृत्त हवालदाराने आपला कोंबडा आरवत नाही म्हणून मला तीन वेळा बोलावलं होतं. त्याला वाटायचं कोणीतरी करणी केली. कोंबड्याला काही झालं नव्हतं; हवालदार स्वतः उशिरा उठायला लागले होते. अंडं अडलेल्या कोंबड्याही पुष्कळ पाहिल्या. कोमट खोबरेल आणि गरम पाण्याची वाफ एवढ्यावर त्या मोकळ्या होतात, आणि मालकीण मात्र मला धन्वंतरी समजते.

भीती होती ती मानमोडीची. कागदोपत्री तिला राणीखेत म्हणतात. आधी कोंबडी पेंगते, चोचीतून लाळ गळते, हिरवट पांढरी शिट पडते, आणि जगलीवाचली तर मान पिळवटून राहते. एका आवाठात, म्हणजे चारदोन घरांच्या वस्तीत, एक कोंबडी पडली की आठवड्यात अख्ख्या गावात एक कोंबडा आरवायला उरत नाही. यावर औषध नाही, तेव्हा नव्हतं, आजही नाही. लस आहे, पण लस निरोग्याला द्यायची असते. रोग शिरलेल्या गावात टोचली तर कोंबड्या मरायच्या त्या मरतात आणि लोक म्हणतात, सुई देणाऱ्याने मारल्या.

आणखी एक गोष्ट होती, ती पुस्तकात नव्हती. मानमोडीचं नुसतं नाव घेतलं की बायका उरलेल्या चांगल्या कोंबड्या काखोटीला मारून माहेरी, लेकीकडे, बहिणीकडे पोचवायच्या. 'हय मरान जाण्यापेक्षा थंय जगली तर बरा.' हेतू चांगलाच. पण वरून धडधाकट दिसणारी कोंबडी आतून रोग घेऊन जायची. जामसंड्याजवळच्या एका वाडीत मी भर खळ्यात, म्हणजे अंगणात, मोठ्याने 'मानमोडी' म्हणालो, आणि महिन्याभरात तो रोग मला नकाशावर एकेक गाव करत पुढे जाताना दिसला. तेव्हापासून तो शब्द उच्चारताना माझी जीभ अडखळायची. बोललो तर रोग पसरतो, आणि नाही बोललो तर शेजारच्यांना सावध कोण करणार? या कात्रीत मी अर्धी नोकरी काढली.

आता वाकडीची गोष्ट.

आचऱ्याच्या बाजूच्या काही गावांत गावपळण असते. ठरावीक वर्षांनी देवाचा कौल होतो आणि सगळं गाव घरदार उघडं टाकून शिवेबाहेर जाऊन राहतं. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, कोणी म्हणजे कोणी मागे राहायचं नाही. तेवढे दिवस गाव देवाचं आणि भुताखेतांचं. पुन्हा कौल मिळाला की परत यायचं. शिवेबाहेर माडाच्या विणलेल्या झापांच्या राहुट्या उभ्या राहतात, एकाच चुलीवर दोन घरांची कढी शिजते, पोरांना तर सणच. त्या वर्षी अशा एका गावाकडून मला निरोप आला, की गुरांना बघून जा, एवढी जनावरं एका ठिकाणी आहेत. मी तेव्हा त्या भागात नवा होतो. आनंदाने निघालो.

जाताना वाटेवर डावीकडे ते रिकामं गाव लागलं. दुपारची वेळ, लख्ख ऊन. चिऱ्याच्या पायऱ्यांच्या घाट्या, तुळशी, वाळत घातलेला एक विसरलेला पंचा. कुत्रं भुंकलं नाही, कोंबडा आरवला नाही, एका छपरातून धूर निघत नव्हता. मी शिकलेला माणूस, भुताखेतांवर विश्वास नाही असं सांगणारा. तरी सायकलची घंटा वाजवायचा धीर मला झाला नाही.

राहुट्यांपाशी पोचलो, तर बैलांकडे कोणी नेलंच नाही. शेवंती नावाची एक बाई, अंगाने उंच, आवाजाने त्याहून उंच, मला ओढतच घेऊन निघाली.

"डॉक्टरांनू, ढोरां मगे बगा. आधी द्वारकाकाकीची कोंबी बगा. कालपासून पेंगता."

राहुट्यांची रांग संपते तिथे, जरा सुटं, एक झापाचं खोपट होतं. द्वारकाकाकी त्यातच बसली होती. नवरा होडीवर गेला तो परत आला नव्हता, त्याला बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. तिच्यापुढे एक कोंबडी आडवी पडली होती. तांबूस, अंगाने बेताची. चोचीतून पाण्याची तार गळत होती. पाय टाकायला गेली की कोलमडत होती. आणि तिची मान एका बाजूला पिळलेली होती.

मी मान वर करून माळावर नजर फिरवली. त्या माळावर गावातली एकूण एक कोंबडी होती, डाल्यांखाली, टोपल्यांखाली, पायाला दोरी बांधून, एकमेकींपासून हातभर अंतरावर. घराघरात असत्या तर मध्ये कुंपणं असती, अंगणं असती. इथे रोगाला उडी मारायचीही गरज नव्हती.

तातू गावकार पुढे आले. गावातले मानकरी, वयस्क, कमी बोलणारे. "मानमोडी आसा काय नाय, तेवढाच सांगा. आसात तर काय करूचा ता आमी बघतंव."

आमी बघतंव म्हणजे काय, ते मागच्या बायकांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दोघीतिघींनी आपापल्या कोंबड्या आधीच कवेत घेतल्या होत्या. मी जर हो म्हणालो असतो, तर संध्याकाळच्या आत त्या कोंबड्या पाच गावांत पोचल्या असत्या.

मी म्हटलं, "हिका आधी सगळ्यांपासून लांब करूया. गावात एखाद्या रिकाम्या गोठ्यात नेऊन ठेवतंय मी."

एका म्हाताऱ्याने कानाला हात लावला.

"गावात?" तातू म्हणाले. "गावात आता देव आसा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि ती ऐकून मलाही त्या रिकाम्या घाट्या आठवल्या. मी तो विषय सोडला.

शेवंती म्हणाली, "कापून बगा मगे. पोट फाडल्यार समाजता म्हणतत."

तिचं खरं होतं. मानमोडीची खात्री पोट उघडल्यावरच होते. आतल्या जठरावर रक्ताचे ठिपके दिसतात. आमच्या धंद्याची ही गंमतच म्हणायची, की कापल्याशिवाय कळत नाही, आणि कापल्यावर कळून कोंबडीला उपयोग नाही. कोणीतरी कोयता आणायला वळलंसुद्धा.

तेव्हा द्वारकाकाकी पहिल्यांदा बोलली. मोठ्याने नाही, मला एकट्याला ऐकू जाईल असं.

"गेल्या खेपेक माझ्याच घराकडसून सुरू झाली म्हणतत मानमोडी. माझी सगळी मेली, तरी माझोच पायगुण. आता परत नाव इला, तर माका ह्या वळीत कोण बसूक देतला?"

मी तिच्या खोपटाकडे बघितलं. ते रांगेपासून सुटं का आहे, ते मला आत्ता कळलं. कोंबडीचं निदान मी करणार होतो, पण निकाल या बाईचा लागणार होता. मी कोंबडीपाशी बसलो आणि पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

तुरा लाल होता. शिट पातळ, नुसती पाण्यासारखी, पण हिरवी नाही. श्वासाला घरघर नाही. गळ्याची पिशवी पाण्याने डबडबलेली. मान हातात धरून सरळ केली, तर ती सरळ होईना. ताज्या मानमोडीत मान लुळी पडते, थरथरते. ही मान हाडातच वाकडी होऊन बसली होती.

"काकी, ही मान कधीपासून अशी?"

"गेल्या खेपेपासून. सगळ्यांत हीच एक वाचली. म्हणान तर वाकडी म्हणतंय तिका."

मी ती मान पुन्हा चाचपली. जी कोंबडी मानमोडीतून उठते तिला मानमोडी पुन्हा सहसा होत नाही. देवी येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा देवी येत नाहीत, तसंच. ज्या मानेला बघून मी घाबरलो होतो, तीच मान सांगत होती की हे दुखणं दुसरं आहे.

पण दुसरं म्हणजे कुठलं? आणि त्या 'सहसा' शब्दाचं काय करायचं?

कोंबडी टोपलीखालून बाहेर काढली होती, ती टोपली बाजूला उपडी पडली होती. आत पांढरट थर होता. मी नखाने खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. बायका बघतच राहिल्या. मीठ.

"ही कसली टोपली?"

"खाऱ्या बांगड्यांची. दुसरी गावली नाय."

पळणीच्या गडबडीत म्हातारीने खारवलेल्या बांगड्यांची टोपली कोंबडीवर पालथी घातली होती. वर बांगड्यांची डोकी तिला खायला टाकली होती, प्रेमाने. आणि पाणी? गोड्या पाण्याचा व्हाळ लांब, गुडघे दुखतात. जे होतं ते बांगडे धुतलेलं पाणी तिने वाटीत ठेवलं होतं. कोंबडीला मीठ सोसत नाही. ती मिठाने जळत होती, तहानेने ते खारं पाणी पीत होती आणि आणखी जळत होती.

असं म्हणायला सोपं जातं. पण तेव्हा मला तेवढं खात्रीने वाटत होतं का? नव्हतं. खारी टोपली असली म्हणून मानमोडी नसेल असं थोडंच आहे. पण मी उठून उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "ही मानमोडी नाय. हिका मीठ बाधला. हिका मानमोडी होवचीच नाय, ती हिका एकदा होवन गेली."

शेवंतीने विचारलं, "आणि झाली तर?"

"तर मी हयच आसंय. माका धरा."

तातूंनी कोयत्याकडे बघितलं. मग म्हणाले, "सकाळपर्यंत बघूया. सकाळी दुसरी एक जरी पेंगली, तर ही कापूची, आणि मगे आमका अडवू नकात." कोयता परत ठेवला गेला.

उपचार साधाच. गोडं पाणी, चिमूटभर गूळ घालून, पण थेंबाथेंबाने. तहानेल्या कोंबडीला वाटीभर पाणी एकदम पाजलं तर तेच तिला मारतं. मी पाजायचो, मग काकी पाजायची. बाकीच्या कोंबड्या मी दोन दोन हात लांब बांधायला लावल्या, कारण काय ते सांगितलं नाही. मग मी माणसांत बसलो. मला भात वाढला, कढी वाढली, पोरांनी फुगड्या घातल्या, कोणी दशावतारातली सोंगं केली, आणि मी हसत होतो. पण कान मात्र कोंबड्यांकडे. कुठे एखादी शिंकली की मी पानावरून उठून बघून यायचो. त्या माणसांना भीती होती शिवेच्या आतल्याची. मला शिवेबाहेरच्या प्रत्येक टोपलीची होती. आणि खरं सांगायचं तर, त्या काळोखात जवळच पडलेल्या सुन्या गावाचीही थोडी होती. आपण खोटं बोललो असू तर ते कोणाला तरी तिथे ऐकू गेलं असेल, असं मला सारखं वाटत होतं.

उजाडलं. पहिला कोंबडा आरवला, मग दुसरा, मग सगळे. मी एकेक टोपली उचलून बघत गेलो. एकही पेंगत नव्हती. रांगेच्या टोकाला पोचलो, तर वाकडी तिच्या त्या वाकड्या मानेने पायांनी माती उकरत होती आणि द्वारकाकाकी तिच्याशेजारी बसून नुसती रडत होती. शेवंतीनेही डोळ्यांना पदर लावला. परतीच्या वेळी, कौल मिळून गाव गावात शिरला तेव्हा, काकीचं डालं शेवंतीच्याच डोक्यावर होतं.

मी इतका फुशारलो की कुडाळात डॉक्टरांना ही हकिकत दोनदा सांगितली. लसही मागवली. बर्फ मालवणातून घेऊन थर्मासमध्ये लशीच्या कुप्या ठेवून मी त्या गावी गेलो, तर बायका म्हणाल्या, "बऱ्या कोंबयेक सुई कित्याक? आमच्याकडे मानमोडी नाय, तुमीच म्हणालास." दोनचार घरांनी टोचून घेतल्या, बाकीच्यांनी चहा देऊन मला वाटेला लावलं.

उन्हाळ्यात मानमोडी आली. खरी. कुठून आली कोण जाणे. मला निरोप मिळेपर्यंत आवाठंच्या आवाठं गप्प झाली होती. तरी थर्मास घेऊन निघालो. वेशीवरच्या वाडीत अजून काही उरल्या असतील म्हणून. गावात शिरलो तेव्हा माणसं होती, चुली पेटलेल्या होत्या, पण पळणीच्या वेळच्यासारखी तीच शांतता होती. एक कोंबडा आरवत नव्हता.

द्वारकाकाकीच्या खळ्यात तांबूस पिसं पडली होती. झाडून एका बाजूला केलेली नाहीत, दारापुढे पसरलेली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसतील अशी.

"काकी, वाकडी मेली? तिका तर होवची नाय ती."

"नाय झाली तिका," ती म्हणाली. "बरी होती. काल सकाळीसुद्धा दाणे टिपले तिने."

तिने वाटेकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"मीच पिरगळलंय. सगळ्या गावाची कोंबडी मेली. माझीच उरली, तर लोक माका उरूक देतले काय, डॉक्टरांनू?"

त्या दिवशी पळणीत मी सगळ्यांदेखत ओरडून सांगितलं होतं की हिला होणारच नाही. लोकांनी ते ऐकलं होतं, पण त्यांच्या परीने. काकी म्हणाली, गेल्या काही दिवसांत पाणवठ्यावर कोणीतरी विचारलं होतं, सगळ्यांच्या मरतात आणि हिचीच कशी मरत नाही. एकीने विचारलं, मग दुसरीने. काकीने तिसरीची वाट बघितली नाही.

मी काकीच्या खांद्यावर हात ठेवून निघालो. कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी शेवंती भेटली. तिच्याही टोपल्या रिकाम्या पालथ्या पडल्या होत्या, डोळे सुजले होते. काकीच्या खळ्याकडे बघून ती म्हणाली, "बिचाऱ्या काकीची पण मेली. आता रोज सांजेक मीच बसतंय तिच्याकडे जावन." मग माझ्याकडे वळली. "तुमी तर म्हणालास तिका होवचीच नाय?"

एवढ्या नोकरीत इतकं अचूक निदान मी दुसरं केलेलं नाही.

"चुकला माझा," मी म्हटलं, आणि सायकलवर बसलो.